गोधडीच्या दुकानासाठी ओल्फाचं 45 मिमी गोल कटर

चौकोन आणि पट्ट्या कापून विकणारं छोटं दुकान टाकायचं असेल, तर कात्रीवर भागत नाही. ओल्फा या जपानी कंपनीने 1979 मध्ये गोल पात्याचं कटर आणलं. त्यातलं पिवळ्या सरळ मुठीचं, 45 मिमी व्यासाच्या पात्याचं दुकानासाठी पुरेसं आहे.

सुती कापडाचे चार थर ते सहज कापतं, पातं कोरं असेल तर सहाही. कात्री चालवताना कापड उचललं जातं आणि खालचा थर सरकतो. इथे ते टेबलाला चिकटून राहतं. 5 इंची चौकोनात अर्ध्या सुताची, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाची, चूक झाली तर 20 चौकोनांच्या ओळीत ती सव्वा इंच होते, आणि गिऱ्हाईक बोटं मोडतं ते दुकानाच्या नावाने.

44 इंच पन्ह्यातून किनारी काढल्या की साधारण 42 इंच उरतात, म्हणजे पट्टीमागे आठ चौकोन. कापड दुहेरी घडी घालून, फूटपट्टीची आडवी रेघ त्या घडीवर बसवूनच कापावं. काटकोन चुकला तर उलगडल्यावर पट्टी मधोमध मोडलेली निघते. त्यात कटरचा दोष नाही.

दोष आहेत ते वेगळे. पात्यावरचं झाकण हाताने सरकवावं लागतं. घाईत उघडंच राहतं आणि बोट कापतं. नट जास्त आवळला तर पातं फिरत नाही, कापड ओढतं. टाचणीवरून गेलं की खाच पडते. ती ओळखायला सोपी: दर साडेपाच इंचांवर एक-दोन धागे न कापता राहतात, कारण पात्याचा घेर तेवढाच. धार लावत बसू नका, पातं बदला. जुनं पातं कागदासाठी ठेवा.

नुसतं कटर घेऊन उपयोग नाही. कापडाखाली अंथरायची 24 बाय 36 इंचांची कटिंग मॅट आणि 6 बाय 24 इंचांची जाड अॅक्रिलिक फूटपट्टी सोबत हवीच. मॅटवर इस्त्री टेकवली की ती कायमची वाकते. उन्हातही ठेवू नये.

जुन्या सुती नऊवारीच्या वाकळीला मात्र हे लागत नाही. कडेला छोटी चीर देऊन टर्रकन फाडलेली पट्टी आपोआप धाग्यात सरळ येते. मीटरवर कापड विकायला तर कात्रीच बरी.