माझे थांबे गिळणारा फिटनेस बँड: आठ महिने वापरल्यावर

पट्टा तुटला. बकलापासून दुसऱ्या भोकावर, कात्रीने कापावा तसा सरळ. वॉरंटी वर्षभराची, वापरून झाले आठ महिने, म्हणून निघालो वाशीला. ठाण्याहून ट्रान्स हार्बर, दिव्यांग डबा, इथवर सगळं ठीक. सर्व्हिस सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्टवर 'दुरुस्ती चालू'ची पाटी आणि समोर बावीस पायऱ्या. मला बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमकुवत होत जाणारा आजार. बावीस पायऱ्या म्हणजे दोन्ही हातांनी कठडा ओढत चढायचं आणि पुढचे दोन दिवस मांड्या कामातून गेलेल्या. किती चालता येतं हे मोजणारं यंत्र घेऊन मी खाली उभा आणि ते दुरुस्त करणारे वर बसलेले!

फोन केला. काउंटरवरचा मुलगा स्वतः खाली आला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं स्टूल ओढून मला बसवलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, "सर, स्ट्रॅप वॉरंटीत येत नाही. नवीन साडेसहाशे." मुलाला पाच तारे. कंपनीचं पुढे बघू.

बँडची वैशिष्ट्यं सगळीकडे वाचायला मिळतात, ती इथे लिहीत नाही. ४,२९९ रुपये मी एकाच कामासाठी घातले, ते म्हणजे सहा मिनिटांची चाल. ज्यांना हे करावं लागतं त्यांना माहीत असेल. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये या चाचणीची नियमावली काढली. ३० मीटरचा सपाट सरळ रस्ता, दर तीन मीटरला खूण, दोन टोकांना शंकू. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, पळायचं नाही. दम लागला तर थांबा, भिंतीला टेका, पण घड्याळ थांबत नाही. मुळात ही हृदय-फुप्फुसाच्या रुग्णांची चाचणी, नंतर आमच्या आजारातही आली. ड्युशेनच्या (याच आजाराचा लहानपणीच सुरू होणारा तीव्र प्रकार) मुलांसाठी तर एक माणूस मागून चालतो, पडलं तर सावरायला.

माझी फिजिओ दर तीन महिन्यांनी ही चाचणी घेते. मधल्या काळात घरी मोजावं म्हणून बँड आला. जागा म्हणजे आमच्या सोसायटीचं पोडियम पार्किंग, रविवारी सकाळी सातला, गाड्या धुणाऱ्यांच्या आधी. शंकूंच्या जागी तेलाचे दोन रिकामे पाच लिटरचे कॅन. मागून मेव्हणा, कारण हृदयाचाही प्रश्न आहे (बेकरमध्ये हृदयाचा स्नायूही कमकुवत होऊ शकतो, मी दरवर्षी इको करतो आणि हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करतो).

पहिल्या रविवारी फक्त बँडवर विसंबलो. आकडा आला ४८८ मीटर. फिजिओकडे त्याच महिन्यात ३८१ आले होते. शंभर मीटरने सुधारणा! संध्याकाळी घरात श्रीखंड आलं. बायको मात्र श्रीखंड खाताना गप्पच होती. पुढच्या रविवारी ती हार्डवेअरच्या दुकानातून ३० मीटरची फायबर टेप घेऊन आली, २८० रुपये, आणि खडूने खुणा आखल्या. मुलगा फेऱ्या मोजायला बसला, एका वाटीतला राजमा दुसऱ्या वाटीत, जाऊन-येऊन एक दाणा. तिचं घड्याळ सहा मिनिटांवर आलं, "थांब!" बँडवर पाच मिनिटं दहा सेकंद.

आता मुद्द्यावर येतो, या सगळ्या लेखाचं कारणच ते आहे. ऑटो-पॉज. मी मध्ये दोनदा थांबलो होतो, एकूण पन्नास सेकंद, कॅनपाशी गुडघ्यांवर हात ठेवून. बँडला वाटलं, साहेब सिग्नलला उभे आहेत. त्याने घड्याळ थांबवलं, मी चालू लागल्यावर परत सुरू केलं. माझे ते पन्नास सेकंद कुठेच नोंदले गेले नाहीत, आणि त्याची सहा मिनिटं भरेपर्यंत चाललो तर तेवढा वेळ मी जास्तच चालणार. अहो, तेच तर मोजायचंय! माणूस किती भराभर चालतो हा निम्मा प्रश्न. उरलेला निम्मा म्हणजे तो कितीदा थांबतो आणि किती वेळ. धडधाकट माणूस बुटाची लेस बांधायला थांबतो, तो वेळ वगळा, हरकत नाही. मी थांबतो तो माझ्या चालण्याचाच भाग आहे.

खडूने आले ३७८. म्हणजे फिजिओ बरोबर, बँड खोटा, श्रीखंड वाया. जानेवारीत तर कहर झाला. त्या दिवशी दमलो होतो, थांबे मिळून सत्तर सेकंद. खडूचा आकडा ३६३, बँडचा ५०३. जितका जास्त थांबलो तितका यंत्राच्या हिशेबाने सुधारलो. ड्युशेनच्या ट्रायलमध्ये ३० मीटरच्या आसपासचा फरक अर्थपूर्ण धरतात, आणि इथे यंत्राचीच चूक शंभराच्या वर!

त्यावर रोज रात्री नऊला कुरकुर, "दहा हजार पावलांचं लक्ष्य अजून ६,२१४ पावलं दूर!" हे दहा हजार कुठून आले ते शोधलं. १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र निघालं, नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर. म्हणजे विकायला सोपा म्हणून रुजलेला आकडा, आणि तो आमच्यासारख्यांना रात्री नऊला ऐकवायचा. आम्हाला सांगतात, अंगापेक्षा जास्त ताणू नका. बँड म्हणतो, ऊठ.

इथवर मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये भाच्याने फोनवरच्या ॲपमध्ये, व्यायामप्रकाराच्या आत, त्याच्याही आत, सर्वांत खाली ऑटो-पॉजचं बटण शोधून काढलं. बंद केलं. त्यामुळे वरचा राग निम्मा मागे घेतो, निम्मा ठेवतो, कारण ते बटण तिथे लपवायचं काय कारण होतं? त्याच रविवारी परत चाललो. खडू ३६६, बँड ४०९. म्हणजे घड्याळ सुधारलं, अंतर नाहीच. बँड माझ्या उंचीवरून पावलाची लांबी ठरवतो. मी पोट पुढे, खांदे मागे टाकून, दोन्ही बाजूंना झुलत चालतो आणि पावलं आखूड पडतात, हे त्या कोष्टकात कुठून असणार? दमल्यावर एक हात कमरेवर जातो, मग हाताची हालचालच नाही, काही पावलं सुटतात. जीपीएस लावून बघितलं, पण ३० मीटरच्या पट्ट्यात वळणावळणावर त्याचा नकाशा शेवयांसारखा दिसतो. उपवन तलावाभोवती एका दिशेने चाललं तर बरा अंदाज देतो, एवढं मान्य.

फिजिओ म्हणाली, मनगट ही जागाच चुकीची. युरोपात ड्युशेनच्या मुलांच्या घोट्याला सेन्सर बांधून रोजच्या चालण्यातल्या सर्वांत जलद पावलांचा वेग मोजतात, तिथल्या औषध नियामकाने तो औषधांच्या ट्रायलसाठी मापदंड म्हणून २०१९ मध्ये दुय्यम आणि २०२३ मध्ये प्राथमिक म्हणून मान्य केला. मी त्या रात्री बँड घोट्याला बांधून पाहिला. पट्टा पोटरीभोवती पुरत नव्हता (आमच्या पोटऱ्या आजाराने जाड होतात), खाली घोट्यावर कसाबसा ओढून बसवला. पट्टा तिथेच तुटायला लागला असावा, हे मी वाशीत सांगितलं नाही.

चांगलं काय? बॅटरी नऊ दिवस जाते. बसल्या जागी नाडी, बोटाला लावायच्या मीटरशी ताडून पाहिली, ठीक दाखवतो. स्टॉपवॉच उत्तम. म्हणजे ४,२९९ चं स्टॉपवॉच. ज्याला ठणठणीत पायांनी उपवनला फेऱ्या मारायच्या आहेत त्याने खुशाल घ्यावा. आमच्या आजारात अंतर मोजायला घेत असाल तर आधी टेप घ्या, खडू घ्या आणि राजमा मोजणारं कुणीतरी.

साडेसहाशे दिले नाहीत. स्टेशनबाहेरच्या चांभाराने बकलाचा भाग कापून वेल्क्रो शिवून दिली, चाळीस रुपयांत. घोट्यालाही पुरेल इतकी लांब ठेवायला सांगितली. पाचपैकी अडीच तारे. त्यातला अर्धा चांभाराचा.