‘डी५’ म्हणून गळ्यात मारलेला पंप: ओळखायचा कसा

कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगसाठी पंप शोधायला बसलं की ‘डी५’ लिहिलेले डझनभर पर्याय समोर येतात, आणि त्यातले काही निम्म्याहून कमी किमतीत. मूळ डी५ ही लाइंग कंपनीची रचना, आता झायलेम कंपनीची. अनेक नावाजलेल्या कंपन्या तोच पंप घेऊन त्यावर आपलं टॉप (नळ्या जोडायचं वरचं झाकण) बसवून विकतात. स्वस्तातल्या ‘डी५ टाइप’मध्ये मात्र बऱ्याचदा फक्त बाहेरचा गोल आकार डी५चा असतो. आत मोटर भलतीच.

पहिली खूण वायरची. मूळ डी५ पूर्ण वेगात २३ वॅटपर्यंत घेतो, म्हणून त्याचा वीजपुरवठा थेट पॉवर सप्लायमधून, मोलेक्स किंवा साटा कनेक्टरने होतो. मदरबोर्डचा साधा फॅन हेडर (पंख्याची वायर जोडायची जागा) सहसा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅटच देतो. ‘डी५’ म्हणून आलेला पंप फक्त फॅन हेडरवर चालत असेल, तर तो डी५ नव्हे.

दुसरी खूण जाहिरातीतल्या आकड्यांत. समजा लिहिलंय: १२ व्होल्ट, १ अँपिअर, ताशी १००० लिटर, हेड (पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच चढवतो ते) ५ मीटर. लिटर गुणिले मीटर भागिले ३६७ केलं की पाण्याला लागणारे वॅट निघतात. इथे ते १३.६ येतात, आणि पंप खातो १२! आता, कमाल प्रवाह आणि कमाल हेड कधीच एकत्र मिळत नाहीत. प्रवाहाचा आकडा हेड शून्य असताना, हेडचा आकडा प्रवाह बंद असताना. चांगल्या कंपन्या म्हणूनच आलेख देतात. ‘५ मीटरवर १००० लिटर’ असं छातीठोक सांगणारा विक्रेता एकतर अडाणी आहे, नाहीतर लबाड.

पंप हातात आला की लूपमध्ये (पाणी फिरतं त्या नळ्यांच्या साखळीत) बसवण्याआधी तपासा. टॉप धरून ठेवणारी मोठी रिंग फिरवून काढा. मूळ डी५ला शाफ्ट (मधला दांडा) नसतो: चुंबकाची ओढ सोडवून रोटर (फिरणारा भाग) हातानेच उचलता येतो, आणि खाली वाटीसारख्या खोलगट भागात सिरॅमिकचा बारीक गोळा दिसतो. लांबट रोटर शाफ्टवर बसलेला दिसला, तर नाव खोटं. शाफ्टचा पंप वाईटच असतो असं नाही, त्याच्या किमतीत तो ठीक. डी५च्या भावात मात्र नको. रिंग परत लावताना ओ-रिंग खोबणीत नीट बसली पाहिजे, नाहीतर पाणी थेट ग्राफिक्स कार्डवर.

मग बादलीची चाचणी. पंप कोरडा चालवायचा नाही, बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. नळीचं टोक हळूहळू वर न्या; पाणी पडायचं थांबेल त्या टोकाची बादलीतल्या पाण्यापासूनची उंची म्हणजे खरं हेड. मूळ डी५ला १२ व्होल्टवर हे साधारण ३.९ मीटर भरतं. जिन्यात उभं राहून सहज मोजता येतं.

टॉप कशाचं आहे तेही लेखी विचारा. अ‍ॅसिटल किंवा अ‍ॅक्रिलिक (दोन्ही प्लास्टिकच) चालेल. ‘सीएनसी मेटल’ म्हणून अ‍ॅल्युमिनियम दिलं आणि ब्लॉक (चिपवर बसून तिची उष्णता पाण्यात सोडणारा भाग) व रेडिएटर तांब्याचे असले, की अ‍ॅल्युमिनियम गंजून गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी जपून ठेवा, कारण तक्रार गेली की वर्णन गुपचूप बदललं जातं. विक्रेता परताव्याला नाही म्हणाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर हेच पुरावे लागतात.