अकरावी सायन्स : गणित, जीवशास्त्र की दोन्ही?

दहावीचा निकाल लागला की सोलापुरात पार्क चौकापासून विजापूर रोडपर्यंत अनेक घरांत हीच चर्चा सुरू होते : सायन्सला पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) घ्यावे, पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) घ्यावे, की चारही विषय ठेवावेत? भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र तिन्ही पर्यायांत समान आहेत. त्यामुळे खरा निर्णय गणित आणि जीवशास्त्र यांच्यापुरताच असतो, आणि तो मुलाला डॉक्टर करायचे की इंजिनिअर यावरून घेण्यापेक्षा कोणता अभ्यास ते दोन वर्षे रोज मनापासून करील यावरून घ्यावा, असे अकरावी-बारावीला शिकवताना मला वारंवार जाणवले आहे.

बारावीच्या गणितात ‘ई’चा एक्स घात गुणिले साइन एक्स याचे इंटिग्रेशन बाय पार्ट्स पद्धतीने दोनदा केले की मूळचेच इंटिग्रेशन उलट्या चिन्हाने पुन्हा समोर येते. आपले काहीतरी चुकले असे समजून कित्येक विद्यार्थी तिथेच वही मिटतात. पण ते पद डावीकडे नेऊन दोनने भागायचे ज्याला सुचते, किंवा सुचले नाही तरी उत्तर येईपर्यंत जो उठत नाही, त्याने पीसीएम निःशंकपणे घ्यावे.

जीवशास्त्र म्हणजे निव्वळ पाठांतर हा समज मात्र मला मान्य नाही. प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाचे टोक ॲसिटोकार्माइनने रंगवून, किंचित गरम करून कव्हर स्लिपखाली दाबले, तरी पहिल्या दोन-तीन स्लाइडमध्ये बहुधा लालसर पेशींची गर्दीच दिसते. तरीही चौथी स्लाइड करून, मध्यरेषेवर आलेली गुणसूत्रे पाहूनच आकृती काढणारा विद्यार्थी या विषयात रमतो.

आवड पाहण्याचे आणखी एक कारण गुणांच्या वाटणीत आहे. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या प्रवेशांसाठीच्या राज्याच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत 200 पैकी 100 गुण पीसीएम गटात गणिताचे आणि पीसीबी गटात जीवशास्त्राचे असतात, तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत; नीटमध्ये प्रत्येक चुकीला एक गुण जातो. म्हणजे जो विषय नाइलाजाने घेतला, त्यावरच अर्ध्या गुणांची भिस्त राहते.

फार्मसी आणि बी.एस्सी. कृषी हे मार्ग दोन्ही गटांना खुले आहेत. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावलाच आहे, आणि डाळिंबाची बाग असलेल्या घरातील मुलाने केवळ कृषीसाठी गणित सोडण्याचे कारण नाही. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाई दल किंवा नौदलात जायचे असेल तर गणित लागतेच. एमबीबीएससाठी जीवशास्त्र अनिवार्य आहे, मात्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून ते उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीटचा मार्ग मोकळा केला.

चारही विषय ठेवले की दोन्ही वाटा राहतात, हे खरे. पण ‘राहू द्या, असू द्या’ म्हणून घेतलेला चौथा विषय फार वेळ खातो. इंग्रजी धरून पाच विषय होतात, त्यामुळे संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारख्या 200 गुणांच्या बायफोकल (व्यवसायाभिमुख) विषयाला जागा उरत नाही; पीसीएमच्या मुलाला मात्र तो घेता येतो. मोहोळ किंवा मंगळवेढ्याहून रोज एसटीने येणाऱ्या मुलाचा प्रवासातच बराच वेळ जातो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपते न संपते तोच सराव परीक्षा आणि प्रात्यक्षिके येतात, आणि दोन्ही गटांच्या सीईटी व नीट सोलापूरच्या ऐन उन्हाळ्यात द्याव्या लागतात. म्हणून गणिताला वेगळा वेळ न देताही ज्याला ते जमते, त्यानेच चार विषय घ्यावेत. यंत्रमागावर किंवा विड्या वळून घर चालवणाऱ्या पालकांनी तर दोन गटांच्या क्लासची फी भरण्यापूर्वी हे नक्की तपासावे.

अकरावीची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ऑनलाइन प्रवेश अर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वी मुलाला आठवडाभर त्रिकोणमितीचे आणि आठवडाभर पेशीचे प्रकरण स्वतःच वाचू द्यावे, क्लासचे नाव त्यानंतर काढावे.