शिट्टी ऐकून घेतलेला पॉवर सप्लाय

माझ्याकडील हीथकिट कंपनीचा एचडब्ल्यू-१०१ हा व्हॉल्व्हचा हॅम रेडिओ संच जीपमध्ये बसवण्याच्या हौसेपायी मी त्याच कंपनीचा एचपी-१३ हा गाडीच्या बॅटरीवर चालणारा मोबाइल पॉवर सप्लाय अनेक वर्षे शोधत होतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, असल्या वस्तू मिळत नाहीत आणि मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातही माझ्या नशिबी रिकामे खोकेच आले होते, त्यामुळे कोथरूडच्या एका गृहस्थांकडे तो आहे असे कळताच मी त्याच संध्याकाळी पोहोचलो.

हा सप्लाय ट्रान्झिस्टरच्या जोडीने १२ व्होल्टच्या बॅटरीचा पुरवठा झपाट्याने उलटसुलट करतो, ट्रान्सफॉर्मर तो चढवतो आणि अखेर सुमारे ८०० व्होल्ट डीसी मिळतात. चालू असताना त्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. गृहस्थांनी बॅटरी जोडली, शिट्टी वाजली आणि मीटरचा काटा ८०० च्या पुढे गेला. "साहेब, आवाज ऐका. सगळं ओरिजिनल आहे, ट्रान्समिट करून पाहिलंय," असे ते म्हणाले आणि मी ८,५०० रुपये रोख मोजले, पावतीही मागितली नाही. बॅटरीला जोडलेली वायर स्कूटरच्या दिव्याला शोभेल इतकी बारीक होती, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते, कारण ट्रान्समिट करताना ८०० व्होल्टला पाव अँपिअर द्यायचा म्हणजे २०० वॅट, आणि त्यासाठी बॅटरीतून किमान १७ अँपिअर ओढले जाणार.

घरी मी २३० व्होल्टचे ६० वॅटचे चार साधे बल्ब एकापुढे एक सिरीजमध्ये जोडले. ८०० व्होल्टला हा भार जवळपास पाव अँपिअर घेतो. (जोडणी बॅटरी लावण्यापूर्वीच करावी, हा दाब जीवघेणा असतो, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतो.) बल्बच्या तारा जेमतेम लालसर झाल्या, शिट्टी घसरली आणि मीटर ३७० वर आले.

पेटी उघडली तेव्हा उलगडा झाला. फिल्टरच्या मोठ्या कपॅसिटरचे जुने डबे फक्त शोभेला होते. खाली दोन चिमुकले कपॅसिटर, आणि सिरीजमध्ये दाब सारखा वाटून घेण्यासाठी लागणारे रेझिस्टर गायब. ट्रान्झिस्टरवरचे आकडे पॉलिश पेपरने घासलेले होते. मूळचे जर्मेनियमचे असते तर मल्टीमीटरच्या डायोड चाचणीत ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसले असते. माझ्या मीटरवर दोन्हीकडे ०.६ म्हणजे सिलिकॉन. ट्रान्झिस्टर बदलण्यात गैर काही नाही, उलट अनेक जण मुद्दाम बदलतात, पण ते आकडे घासून लपवण्याचे कारण एकच असू शकते.

गृहस्थांना फोन केला, तेव्हा "जुन्या वस्तूला गॅरंटी कसली?" एवढेच उत्तर आले. पुढच्या महिन्यात माझ्या एका मित्राने त्यांच्याकडचा दुसरा सप्लाय पाहायला जाताना पिशवीत चार बल्ब नेले. ते बाहेर काढताच गृहस्थांना बॅटरी उतरली असल्याचे आठवले.