वडगावातील रविवारचा आत्मबोध वर्ग : एक अभिप्राय

बेळगावच्या वडगाव भागात एका मंदिराच्या सभामंडपात दर रविवारी सकाळी आत्मबोध वर्ग भरतो. वर्ग मराठीत चालतो, सत्र तीन महिन्यांचे असते आणि ठरावीक शुल्क नसून शेवटच्या दिवशी दानपेटीत यथाशक्ती टाकावे एवढीच अपेक्षा असते. आत्मविश्वास वाढवून देणारी शिबिरे हल्ली गावोगावी निघाली आहेत. तिथे ‘मी यशस्वी आहे’ असे घोकून घेतात आणि त्याचे चांगले पैसेही घेतात. हा वर्ग त्या पठडीतला नाही; इथे वेदान्ताच्या आधाराने ‘मी’ म्हणजे नेमका कोण हे पाहायला शिकवतात.

सीमाभागातील मराठी माणसाच्या न्यूनगंडाला एक खास पदर आहे. मराठी शाळेत शिकलेला मुलगा सरकारी कचेरीत कन्नड अर्ज भरताना अडखळतो, आणि तोच पुण्याला नोकरीस गेला की त्याच्या बोलण्यातील कानडी हेल ऐकून सहकारी गालातल्या गालात हसतात. दोन्हीकडे आपण उणेच, ही भावना लहानपणापासून मुरत जाते. वर्ग घेणारे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, या भावनेची समजूत घालत बसत नाहीत; उणे कोण आहे ते आधी नीट पाहू या, असे म्हणून ते कोरे कागद वाटतात.

त्या कागदावर ‘मी’पासून सुरू होणारी वाक्ये लिहायची असतात. माझ्या शेजारी बसलेल्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या तरुणाने लिहिले होते की मी विणकर आहे, मी दहावी नापास आहे, मी चारचौघांत बोलू शकत नाही. मास्तरांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून विचारले, “हे तुला कळतं कसं?” घसा कोरडा पडतो, हात थरथरतात, असे तो सांगू लागला. “हात थरथरतात हे ज्याला कळतं, तोही थरथरतो काय रे?” तरुण बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “नाही मास्तर, तो नुसता बघतोय.” वेदान्तात द्रष्टा (पाहणारा) आणि दृश्य (जे पाहिले जाते ते) यांचा जो विवेक, म्हणजे वेगळेपणा ओळखणे, सांगितला आहे तो हाच, पण ते शब्द फळ्यावर आले ते या उत्तरानंतर. हा क्रम मला वर्गातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटला. नदी ओलांडून आलेल्या दहा जणांपैकी प्रत्येक जण स्वतःला सोडून बाकीच्यांना मोजतो आणि दहावा बुडाला म्हणून सगळेच रडत बसतात, ही जुनी वेदान्ती कथाही मग वेगळीच ऐकू येते.

आपल्या मातीतील उदाहरणेही येतात. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर 1892 मध्ये बेळगावात राहिले होते आणि रिसालदार गल्लीतील ते घर आज स्मारक म्हणून जतन केले आहे, हे इथे बहुतेकांना ठाऊक असते. पुढच्या वर्षी शिकागोच्या धर्मपरिषदेत बोलण्यापूर्वी त्यांची छाती धडधडत होती, जीभ कोरडी पडली होती आणि सकाळच्या सत्रात बोलण्याचे धाडस त्यांना झाले नव्हते, ही त्यांनी स्वतःच पत्रातून दिलेली कबुली मात्र अनेकांना नवी होती. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांनी सुरू केलेल्या इंचगेरी या नामसाधनेच्या परंपरेत कन्नड भाषक साधकही दासबोधाचे नित्य वाचन करतात, आणि त्याच परंपरेतील तत्त्वज्ञ संत गुरुदेव रानडे कन्नड मुलखातील जमखंडीत जन्मून तिथल्याच निंबाळला स्थिरावले, हेही मास्तर सांगतात. भाषेवरून स्वतःची किंमत ठरवणाऱ्याला याहून नेमके उत्तर कोणते द्यावे?

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. शेजारच्या गल्लीतील मागांच्या खडखडाटात मागच्या रांगेला निम्मे ऐकू येत नाही, आणि मिळालेल्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती इतक्या फिकट आहेत की वाचण्यापेक्षा अंदाज करणे सोपे. अधूनमधून येणाऱ्या एका पाहुण्या वक्त्यांनी आत्मविश्वास नसणे म्हणजे साधना कमी पडणे, असे ठासून सांगितले. हे मला मुळीच पटले नाही, कारण आधीच स्वतःला दोष देणाऱ्याच्या पदरात त्याने आणखी एक दोष पडतो. मास्तरांनी पुढच्या रविवारी ते विधान सौम्य केले, शिवाय झोप उडालेल्या किंवा सतत रडू येणाऱ्या माणसाने आधी डॉक्टरांकडे जावे असेही स्पष्ट सांगितले, ही जमेची बाजू.

मुलाखतीची तयारी किंवा सफाईदार कन्नड शिकायची असेल, तर हा वर्ग उपयोगाचा नाही. तो सराव वेगळाच करावा लागतो. माझी कार्यालयातील भीती गेलेली नाही, पण चूक निघाली की दिवसभर स्वतःला कोसत बसणे कमी झाले आहे. नवे सत्र दिवाळीनंतर सुरू होते. जायचे असल्यास वेळेआधी पोहोचून पुढे बसावे, आणि फरशी गार असते म्हणून चटई घरून न्यावी.