हॉकिन्स क्लासिक पाच लिटर : वर्षभर वापरल्यावर

आमच्याकडे हा कुकर येऊन वर्ष होत आलं. रोजचा वरण-भात, मधूनमधून छोले, वाटाण्याची उसळ, सणावाराला पुरणाची डाळ असा भरपूर वापर झालाय. डाळ छान शिजते, ते काही वेगळं सांगायला नको. मला लिहावंसं वाटलं ते कंपनी जे सांगते ते कुकरमध्ये जागोजागी जाणवतं म्हणून.

सगळ्यात आधी झाकण. ते वरून बसत नाही, आतून बसतं. किंचित लंबगोल असल्यामुळे तिरकं करून आत घालायचं, फिरवायचं आणि वर ओढून दांड्याला अडकवायचं. हाताला सवय व्हायला थोडे दिवस लागतात. पण वाफ धरली की तीच वाफ झाकणाला आतून काठावर दाबून धरते. वाफ पूर्ण जाईपर्यंत झाकण उघडतच नाही, घाईघाईने ओढलं तरी नाही. सुरक्षिततेचा दावा जाहिरातीत कुणीही करेल, इथे तो झाकणाच्या आकारातच आहे. अनेक दशकं ही रचना त्यांनी सोडली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

१९५९ साली एच. डी. वासुदेव यांनी मुंबईत ही कंपनी काढली. हॉकिन्स हे नाव इंग्लंडच्या एल. जी. हॉकिन्स कंपनीशी असलेल्या तांत्रिक सहकार्यातून आलं.

दुसरी गोष्ट सोबतच्या पुस्तिकेची. आपण सगळे शिट्ट्या मोजतो, डाळीला तीन, छोल्यांना सहा वगैरे. पुस्तिका मात्र मिनिटं सांगते : पूर्ण दाब येईपर्यंत गॅस मोठा, मग बारीक करून अमुक मिनिटं. अख्खा देश शिट्ट्या मोजत असताना कंपनी आपलं म्हणणं सोडत नाही, कारण शिट्टी किती वेळा होणार हे आचेवर ठरतं, शिजणं वेळेवर. मी पुस्तिकेप्रमाणे करायला लागल्यापासून तुरीची डाळ एकदाही उतू आली नाही, ओटा स्वच्छ राहतो आणि गॅसही वाचतो.

आणि सुटे भाग! आईकडचा कुकर माझ्या लग्नाच्या आधीचा. त्याची रिंग कडक झाली तेव्हा तुळशीबागेजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने फक्त "किती लिटर?" एवढंच विचारलं आणि मागच्या फळीवरून पाकीट काढून दिलं. तीच रिंग माझ्या नव्या कुकरलाही बसते. याउलट एका दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरचा अनुभव सांगते. खोक्यावर 'आयुष्यभराची साथ' छापलेलं, आणि भांड्याचं झाकण बदलायला गेल्यावर सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, ते मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. त्या छापलेल्या शब्दांवर मी पुन्हा कसा विश्वास ठेवू?

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. तोंड आतल्या झाकणापुरतंच असल्याने कुकरचे डबे आधी मापून घ्या, रुंद डबे आत जात नाहीत. आणि हा साधा अॅल्युमिनियमचा क्लासिक इंडक्शनवर चालत नाही. शेगडी इंडक्शनची असेल तर त्यांचाच स्टीलचा, इंडक्शनला चालणारा कुकर बघा. रिंग आणि शिट्टी मूळ कंपनीचीच घ्या, रस्त्यावरची स्वस्त नको.