मुलीला घेऊन ११ महिने डीईआयसीला जातोय (सेरेब्रल पाल्सी), आमचा अनुभव

आमची मुलगी आता २ वर्ष ८ महिन्यांची आहे, घरात सगळे माऊ म्हणतात. ३१ व्या आठवड्यात झाली, वजन १३५० ग्रॅम, महिनाभर एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात) काचेच्या पेटीत होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहान वयात मेंदूला इजा झाल्याने हालचालीवर परिणाम होतो, दोन्ही पायात ताठरपणा जास्त, हात बऱ्यापैकी चालतात, ह्या प्रकाराला डायप्लेजिया म्हणतात. गेले ११ महिने आठवड्यातून एकदा आम्ही सिव्हिलमधल्या डीईआयसीला जातोय, बोर्डावर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असं लिहिलंय. एवढ्या दिवसात जे बघितलं ते लिहितो, चांगलं पण आणि त्रासाचं पण.

आधी आमचं काय चुकलं ते. वर्षाची झाली तरी ती बसत नव्हती. घरात सगळे म्हणायचे कमी दिवसाची आहे, होईल हळूहळू, अमक्याचा पोरगा तर अडीच वर्षांनी चालला. एका प्रायव्हेट दवाखान्यात दाखवलं, तिथे टॉनिक दिलं आणि वाट बघा म्हणाले, आम्ही वाट बघितली. माझ्या आईला, म्हणजे माऊच्या आजीला, मात्र आंघोळ घालताना जाणवायचं, पायावर घेतलं की पोरीचे दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, लंगोट बांधायला मांड्या सुटायच्याच नाहीत. ती सारखी सांगायची आणि मी दुकानाच्या गडबडीत ऐकून सोडून द्यायचो. ह्यात आठ महिने गेले. ते आठ महिने आजही मला झोपू देत नाहीत.

मग अंगणवाडीत आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या तपासणीची सरकारी योजना) गाडी आली. त्या डॉक्टर मॅडमनी माऊला काखेत धरून उभं केलं, टाचा टेकल्याच नाहीत, चवड्यावरच उभी, आणि त्यांनी तिथल्या तिथे सिव्हिलची रेफर चिठ्ठी लिहून दिली. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, जन्मापासून १८ वर्षापर्यंतची मुलं तपासतं, आणि ६ वर्षाच्या आतलं कोणी मागे पडतंय असं वाटलं तर डीईआयसीला पाठवतं. ही योजना २०१३ साली आपल्या पालघरला सुरू झाली, आणि मला पोरगी पावणेदोन वर्षाची होईपर्यंत नाव पण माहीत नव्हतं. बायको म्हणते निदान सेविका ताईंनी घरी येऊन बोलावलं म्हणून तरी गेलो, ते खरंच आहे.

पहिल्या दिवशी सगळं एकाच मजल्यावर झालं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, डोळे, कान. कानाची बेरा टेस्ट झोपवून करतात, बाहेर तिचे हजारो रुपये सांगितले होते, इथे एक रुपया लागला नाही. ऐकू व्यवस्थित येतंय कळलं तेव्हा आई तिथेच बाकावर रडली.

आता मुख्य सांगायचं ते हे, की मी गेलो तेव्हा मला वाटलेलं इथे पोरीला व्यायाम देतील, मशीनवर वगैरे, आणि ती बरी होईल. पहिल्याच दिवशी फिजिओ मॅडम म्हणाल्या, "दादा, मला ही आठवड्यातून पाऊण तास मिळणार, बाकी सगळा वेळ तुमच्याकडे. म्हणून मी हिला कमी आणि तुम्हाला जास्त शिकवणार." आणि त्यांनी आधी आईला विचारलं, आजी तुम्ही हिला घेता कशी ते दाखवा. आईने नेहमीसारखं दोन्ही पाय एकत्र धरून दुपट्यात गुंडाळून छातीशी घेतलं. मॅडमनी दुपटं काढलं, एक पाय पुढे एक मागे असे मांड्या फाकवून माऊला आईच्या कडेवर बसवलं आणि म्हणाल्या बास, एवढंच, आता दिवसभर अशीच कडेवर घ्यायची, मांडीचे आखडलेले स्नायू आपोआप ताणले जातात, वेगळा व्यायाम समजू नका. आई म्हणाली अगं बाई, आम्ही सगळी पोरं अशीच तर वाढवली, हिलाच नाजूक म्हणून गुंडाळत राहिले. ह्या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही, दोन महिन्यात लंगोट बांधायचा त्रास निम्म्यावर आला.

अशाच बाकीच्या गोष्टी. गोधडीची वळकटी करून त्यावर पोटावर टाकायचं आणि समोर वाटीत मुरमुरे ठेवायचे, हात टेकून मान वर करते. दोन भिंतींच्या कोपऱ्यात उशा लावून बसवायचं म्हणजे हात मोकळे राहतात. पाय मागे दुमडून डब्ल्यूसारखी बसली की लगेच बदलायचं (हे दिवसात वीस वेळा करावं लागतं, कंटाळा येतो). भरवताना आडवं घ्यायचं नाही, बसवून, मान थोडी पुढे, चमचा सरळ आत आणि सरळ बाहेर, वरच्या ओठाला पुसायचा नाही, तिचा ओठ तिनेच मिटायचा. आधी वरणभात भरवायला पाऊण तास लागायचा आणि निम्मा सांडायचा, ठसका तर रोजचाच, आता वीस पंचवीस मिनिटात होतं. तेल मालिश बंद करा म्हणाले नाहीत, फक्त पाय ओढायचे नाहीत, हळूहळू ताणून धरून ठेवायचे.

एएफओ म्हणजे पायाचे प्लास्टिकचे स्प्लिंट पण तिथूनच मोफत मिळाले, प्लास्टरचा साचा घेऊन बनवतात. आतून पातळ कॉटनचे मोजे घाला, आणि काढल्यावर कातडीवर लाल वण दिसला तर घड्याळ लावा, वीस पंचवीस मिनिटात गेला तर ठीक, नाही गेला तर तसंच घालू नका, परत घेऊन या. आमचा डावा टाचेला लागत होता, दोनदा घासून घ्यावा लागला. पोरं वाढतात तसे ते लहान पडतात, आमचे आठ महिन्यात पडले.

आता त्रासाचं. आमचं गाव ५८ किलोमीटर. सकाळची साडेसहाची एसटी, पोरीला तिकीट नाही, आईला अर्धं, मला पूर्ण, केसपेपर, नंबर, थेरपी, आणि घरी यायला तीन वाजतात, म्हणजे दर आठवड्याला दुकान बंद. ज्याचं हातावर पोट आहे त्याला हे जमत नाही. आमच्याबरोबर सुरू केलेल्या चार घरांपैकी दोन येणं बंद झाले, एकीला तर दुसरं बाळंतपण आलं आणि बरोबर यायला घरात कोणी नाही. स्पीच थेरपिस्टची जागा आम्ही जायला लागलो त्यानंतर पाच महिने रिकामी होती, माऊ बोलायला लागायचं नेमकं तेच वय, तेवढ्यासाठी तालुक्याला प्रायव्हेटला ४०० रुपये सेशनने गेलो, मग पैसे संपले आणि बंद केलं. आता नवीन मॅडम आल्यात, चांगल्या आहेत, पण ते पाच महिने कोण भरून देणार. कंत्राटी माणसं असतात, शिकवून तयार झाली की जातात, ह्यावर कोणीतरी बोललं पाहिजे.

दिव्यांग सर्टिफिकेटचं पण सांगतो. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर आधी भरा, मग मेडिकल बोर्डाच्या वारी मुलाला घेऊन जा. आम्ही तीन चकरा मारल्या, एकदा डॉक्टर सुट्टीवर, एकदा सर्व्हर बंद. लहान आहे म्हणून सध्या तात्पुरतं मिळालंय, मुदतीची तारीख असते ती लक्षात ठेवा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक योजनांना चालतं. त्यावर नॅशनल ट्रस्टची (केंद्र सरकारची संस्था) निरामय विमा योजना घेतली, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांग ह्यांच्यासाठी आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी मेडिकल तपासणी मागत नाहीत, थेरपीच्या पावत्या पण लावता येतात, म्हणून प्रायव्हेटला गेलात तर पावती मागून घ्याच, मी आधीच्या मागितल्या नाहीत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यासाठी अर्ज दिलाय, सहा महिने झाले, निधी नाही एवढंच उत्तर मिळतंय, मी पोच घेतलेली आहे आणि विचारायला जातोच.

अजून एक, नातेवाईकांनी स्टेमसेल उपचाराची (शरीरातल्या मूळ पेशी टोचतात) जाहिरात पाठवली होती, काही लाखात पोरगं चालतं म्हणून. सोनं मोडायची तयारी झालेली आमची. बालरोगतज्ज्ञांनी समजावलं की रक्ताचे काही आजार सोडले तर आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) गाईडलाईनमध्ये हा उपचार मान्य नाही, सेरेब्रल पाल्सीला तर नाहीच. त्या दिवशी वाचलो. त्यांनी हे पण स्पष्ट सांगितलं की माऊ बहुतेक वॉकर घेऊन चालेल, आधाराशिवाय चालेलच असं कोणी सांगू शकत नाही. ऐकायला जड गेलं, पण खोटी आशा लावली नाही म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

सध्या माऊ कोपऱ्याशिवाय दहा मिनिटं बसते, ओट्याला धरून एएफओ घालून उभी राहते, आजीला "ये" म्हणते आणि हात पसरते. रांगते अजून सशासारखी, दोन्ही पाय एकदम.

पहिल्यांदा जाणार असाल तर डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, आधार आणि रेफर चिठ्ठी घ्या, चिठ्ठी नसली तरी घेतात पण केसपेपरला वेळ जातो. पोराला उपाशी किंवा अर्धवट झोपेत नेऊ नका, रडून रडून पूर्ण सेशन जातं, आमचे पहिले तीन असेच गेले. आणि घरात पोराला जो जास्त सांभाळतो त्याला घेऊन जा, आमच्याकडे आई होती, नुसता मी गेलो असतो तर घरी येऊन त्यातलं निम्मं पण नीट सांगता आलं नसतं.